शुक्रवारचं रक्त

उंदराची शेपटी कोमट पाण्यात मिनिट-दोन मिनिटं धरली की ती हळूहळू सैल होते. टोकापासून वर ऊब चढत जाते, आणि दोन्ही कडांच्या शिरा निळसर रेघांसारख्या वर येतात. ती ऊब माझ्या बोटांना अजून आठवते. निवृत्त होऊन वर्ष झालं. दुपारी डोळा लागला की अजून मी त्या खोलीत असते. पांढऱ्या भिंती, पांढरे उंदीर, भाताच्या तुसाचा वास, आणि पंख्याच्या घरघरीत झोपलेले ते जीव. झोपेत उंदराच्या मिशा हलतात. पाय तर असे हलतात की जणू कुठल्या शेतातून पळतोय. बारीकशा खोक्यात जन्मलेल्याला शेत कसं दिसत असेल, असा विचार मी तिथे बसून कितीदा केला असेल.

बुऱ्हाणपुरात, आमच्या बुधवारा मोहल्ल्यात मला अजूनही काही जण ‘उंदीरवाली ताई’ म्हणतात. मी फार्मसी कॉलेजच्या प्राणीघरात तंत्रज्ञ होते. म्हणजे औषधांच्या प्रयोगासाठी ठेवलेल्या उंदरांना सांभाळायचं आणि त्यांचं रक्त काढायचं. लग्न ठरताना सासूबाईंनी विचारलं होतं, “घरी येतानी हात धुते ना गं?” मी म्हटलं, “येतानाही धुते, आणि जातानाही. त्यांना आपल्यापासून जास्त धोका असतो.”

काम मला शिकवलं वामनभाऊंनी. डोईफोडिया गावचा माणूस, जंगलाच्या कडेला वाढलेला, बोलणं कमी. पहिला आठवडाभर त्यांनी मला सुई दिलीच नाही.

“मंग मी करू काय?” मी विचारलं.

“धर नुसतं. छातीशी धर. तुझा वास त्याले माहीत होऊ दे. तू डरली का तो डरला. आणि तो डरला का रक्त लपते.”

रक्त लपतं, हे मला तेव्हा गमतीचं वाटलं. पण ते अक्षरशः खरं आहे. घाबरलेल्या उंदराची शेपटी थंड पडते, शीर आक्रसते आणि सुई कोरडी बाहेर येते. म्हणून सकाळी सहाला तापीवरचं धुकं अजून रस्त्यावर असताना मी पोचायचे आणि नुसती पिंजऱ्यांसमोर उभी राहायचे. मग एकेकाला उचलायचं, कापडानं झाकलेल्या पारदर्शक नळकांड्यात हळूच सरकवायचं. शेपटी तेवढी बाहेर. पहिली सुई टोकाच्या बाजूला घालायची. चुकली तर वर सरकायला जागा राहते. मुळाशी सुरुवात केली आणि फसलं तर पुढचं सगळं गेलं. पिचकारीचा दट्ट्या अगदी हळू ओढायचा. जोर लावला तर रक्तपेशी फुटतात, नळीत रक्तावर सुटणारं पिवळट पाणी गुलाबी येतं, आणि तो नमुना फेकायचा. म्हणजे त्या जिवाचं रक्त फुकट. मोठ्या उंदराच्या सगळ्या अंगात मिळून तीन चमचे रक्त असतं. त्यातलं एका वेळी किती घ्यायचं याला हद्द असते. शेवटी कापूस दाबून धरायचा. चोळायचं नाही, फक्त दाबून ठेवायचं, आणि रक्त थांबलंय हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय पिंजऱ्यात सोडायचं नाही.

दुसरीही एक पद्धत होती. तिच्याविषयी लिहायचं की नाही याचा मी बरेच दिवस विचार केला. उंदराच्या डोळ्यामागे शिरांचं जाळं असतं. त्याला बेशुद्ध करून डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून काचेची बारीक नळी घालायची. रक्त झटकन येतं, भरपूर येतं. त्या काळी सगळीकडे हेच चालायचं. मीही केलं, वर्षानुवर्षं केलं, आणि हात चांगला असल्याचं कौतुकही घेतलं. एकदा घाईत होते. गुंगी पुरती चढली नव्हती, तो हलला. त्याचा तो डोळा दुधासारखा झाला. तो प्रयोग संपेपर्यंत मी त्याचं खाणं दुसऱ्या डोळ्याच्या बाजूला ठेवत राहिले. वामनभाऊंनी ते पाहिलं. त्या दिवसानंतर मी नळीला हात लावला नाही. शेपटीनं किंवा मागच्या पायाच्या शिरेनं जेवढं मिळेल तेवढंच, असं प्रयोग सांभाळणाऱ्या सरांना सांगितलं. वेळ जास्त लागायचा. पुढे नियमही कडक झाले आणि मग मला एकटीला हट्टी म्हणणं बंद झालं.

वामनभाऊ निवृत्त झाले आणि प्राणीघर माझ्या एकटीवर आलं. त्याच्या काही वर्षांनी प्रज्ञा आली.

एम. फार्म.ची मुलगी, देडतलाईची. घरची केळी आणि कपाशी. तिचा विषय होता केळफूल. तिच्याकडे बायका साखरेच्या आजारावर केळफुलाची भाजी खायच्या. ती खरंच लागू पडते का, हे तिला उंदरांवर बघायचं होतं. तिच्या आईला साखर होती, विषय तिथूनच निघालेला. पहिल्याच दिवशी तिनं पिंजऱ्यात हात घातला आणि उंदीर तिच्या बाहीत शिरला. ती किंचाळली नाही. म्हणाली, “मावशी, ये तो बहोत गरम है!” मला ती तेव्हाच आवडली.

चोवीस उंदीर घेतले. एका इंजेक्शनाने सगळ्यांना मधुमेह केला. बारांना रोज केळफुलाचा अर्क, बारांना नुसतं पाणी. दर आठवड्याला रक्त काढायचं. साखर बघायला थेंब पुरतो, पण प्रज्ञाला चरबीही तपासायची होती, लिव्हरही, म्हणून अर्धा मिली लागायचं. उपाशीपोटी, सकाळीच. चोवीस शेपट्या एका सकाळी एकटीच्या हातून होत नाहीत. शेवटच्याला दुपारपर्यंत उपाशी ठेवावं लागतं. म्हणून मी वार वाटून दिले. गुरुवारी पाणीवाले, शुक्रवारी केळफूलवाले. हे मी ठरवलं, माझ्या सोयीनं. तिच्या मार्गदर्शक सरांनी कागदावर सही केली. त्यात कुणालाच काही वावगं दिसलं नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून आकडे असे यायला लागले की प्रज्ञा व्हरांड्यातून पळतच यायची. केळफूलवाल्यांची साखर खाली, पाणीवाल्यांची वर. दर आठवड्याला तेच. “मावशी, सर तो एकदम खुश हो गए! म्हणाले, पेपर होईल याचा, मोठ्या ठिकाणी जाईल.” मीही खुश होते. केळफूलवाले उंदीर मला खरंच शांत वाटायचे. शुक्रवारी शेपट्या भिजल्या वातीसारख्या मऊ, सुई गेली की रक्त आपणहून यायचं. गुरुवारचे उंदीर मात्र नळकांड्यात लेंड्या टाकायचे, डोळ्यांच्या कडांना लालसर पाणी यायचं. उंदीर घाबरला, दमला की असं होतं. मी म्हणायचे, बघा, औषधाचा गुण. आजारी ते कासावीस, बरे होताहेत ते निवांत.

आमच्या कुंपणाच्या भिंतीला लागून पावरलूमची शेड आहे. दिवसभर खडखड, खडखड. पहिल्यांदा येणारा माणूस कानावर हात ठेवतो. आम्हाला ती ऐकूच यायची नाही, इतकी सवय. अर्धं बुऱ्हाणपूर त्या आवाजात झोपतं आणि उठतं.

पाचव्या आठवड्यातल्या गुरुवारी, माझे सात उंदीर झाले होते आणि आठवा हातात होता. अचानक लाइट गेली. आमचा इन्व्हर्टर सुरू झाला, दिवा परत लागला. पण भिंतीपलीकडचे लूम थांबले. इतकं शांत झालं की मला माझाच श्वास ऐकू आला. तुसाची सळसळ ऐकू आली. आणि माझ्या हातातली शेपटी हळूहळू सैल होत गेली. किती वेळ ते मला नीट सांगता येणार नाही, स्वप्नात जसं वेळेचं कळत नाही तसं. मी शेपटी धरून तशीच बसले. पिंजऱ्यांतले बाकीचे कानोसा घ्यायचं सोडून एकेक करून अंग टाकायला लागले. वीज दुपारपर्यंत आली नाही. हातातला धरून उरलेले पाच मी हळूहळू, अगदी सुखानं केले.

संध्याकाळी वहीत आकडे उतरवताना पेन थांबलं. पहिल्या सातांची साखर नेहमीसारखी वर. शेवटच्या पाचांची खाली. त्यांना केळफूल दिलंच नव्हतं. नुसतं पाणी.

शुक्रवारी लूम बंद असतात. जुम्म्याला लूमवाल्यांची सुट्टी, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी अख्खं आयुष्य इथं काढलं, आणि ते माझ्या लक्षात आलं नाही. घाबरलेल्याची साखर वाढते, माणसाची असो की उंदराची. गुरुवारचे उंदीर घाबरत होते, शुक्रवारचे नव्हते. एवढीच गोष्ट असेल तर?

मी आठवड्याहून जास्त दिवस कुणाला काही बोलले नाही. का, ते आज खरं सांगते. एक तर खात्री नव्हती. दुसरं, मी तंत्रज्ञ, सर पीएच.डी.वाले. आणि तिसरं हे की वार मी वाटले होते. चूक निघाली तर ती माझ्या दारात येणार होती. पुढच्या गुरुवारी मी तशीच सुई घातली, आणि वही भरली.

त्यानंतरच्या सोमवारी प्रज्ञानं डबा आणला. आईनं पाठवलेली केळफुलाची भाजी आणि ज्वारीच्या भाकरी. आम्ही प्राणीघराबाहेरच्या ओट्यावर उन्हात बसलो होतो. ती भाकरी मोडता मोडता म्हणाली, “मावशी, आई तर आता रोज हेच खाते. मी रीडिंग सांगितले ना तिला. तिनं तर गोळ्या पण बंद केल्या.”

“कधीपासून?”

“झाला महिना. म्हणते, पोरीच्या उंदरांना लागू पडलं ते मले नाही पडणार? गल्लीतल्या बायांना पण सांगते. पायाला जखम आहे थोडी, ती भरत नाहीये, बस्स. बाकी एकदम बढिया.”

घास माझ्या हातातच राहिला. पायाची न भरणारी जखम म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. मी भाकरी डब्यात ठेवली आणि तिला सगळं सांगितलं. लाइट गेलेली सकाळ, लूम, पाच आकडे, वारांची वाटणी.

तिनं हात न धुता फोन काढला आणि आईला लावला. “आई, गोळ्या चालू कर. आज. आत्ताच.” पलीकडून काहीतरी हसून बोलल्याचा आवाज आला. ती ओरडली, “मी सांगतेय ना!” फोन ठेवून ती माझ्याकडे बघत म्हणाली, “मावशी, तुम्हाला आठ दिवसांपासून माहीत होतं?”

“अकरा,” मी म्हटलं. खोटं बोलायला जागाच नव्हती.

ती उठून गेली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी, गुरुवारी सकाळी सहाला, ती माझ्या आधी येऊन दारात उभी होती. म्हणाली, “आज सहा पाणीवाले आणि सहा केळफूलवाले. उद्या उरलेले.” आम्ही तसंच केलं. शुक्रवारी संध्याकाळी दोन्ही दिवसांचे आकडे समोर आले. गुरुवारच्या सगळ्यांची साखर वर, औषधवाल्यांचीसुद्धा. शुक्रवारच्या सगळ्यांची खाली, पाणीवाल्यांचीसुद्धा. प्रज्ञानं दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या आणि म्हणाली, “आई मानत नाहीये. गोळ्या घेतच नाही. तुम्ही चला.”

रविवारी आम्ही बसनं देडतलाईला गेलो. दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा, मधूनच हिरव्या घडांनी भरलेले ट्रक, सकाळचं मऊ ऊन. कुठल्या लग्नाला चालल्यासारखा रस्ता होता. प्रज्ञा खिडकीला डोकं टेकून बसली होती.

तिची आई दारातच बसली होती, पायाला चिंधी बांधून. मी उंदरांची ताई म्हटल्यावर खळखळून हसली. “या, या. पोरगी तुमचीच गोष्ट सांगते.” मी ग्लुकोमीटर काढला. बोटाला सुई टोचली तेव्हा तिनं विचारलं, “उंदरालेबी असंच टोचता का?”

“त्याच्या शेपटीला.”

“त्याले कळत असंल का, काहून टोचते ते?”

“नाही,” मी म्हटलं. पस्तीस वर्षांत हे कुणी मला विचारलं नव्हतं.

मशीनवर आकडा आला. तीनशेच्या कितीतरी वर. प्रज्ञानं तो पाहिला आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. आई तिच्याकडे बघत हळूच म्हणाली, “तू तर सांगितलं होतं ना, बाई.” रागावून नाही. नुसतं विचारल्यासारखं. प्रज्ञा तिच्या पायाशी बसली आणि रडली. मी पुढे होऊन म्हटलं, “तिचं नाही, माझं चुकलं. मी गडबड केली.” आई म्हणाली, “बसा. चहा घ्या.” त्याच दुपारी आम्ही तिला बुऱ्हाणपूरच्या डॉक्टरांकडे आणलं. जखमेला आणि साखरेला दोन्हीला औषध सुरू झालं. आणखी महिना गेला असता तर पाय गेला असता, असं डॉक्टर म्हणाले.

सरांना सांगायचं राहिलं होतं. ते भडकले. “तुम्हाला कुणी विचारलं होतं का? सहा आठवड्यांचं काम आहे हे!” मी म्हटलं, “सर, कागदावर वार मी लिहिले होते. माझ्या नावानं लिहा.” त्यांनी दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी प्रज्ञाला बोलावून म्हणाले, “नव्याने कर. मुदत मी वाढवून मागतो.” सर वाईट माणूस नव्हते. त्यांनाही तो पेपर हवा होता, एवढंच.

नव्याने करणं म्हणजे आणखी चोवीस उंदीर. आणि आधीच्या चोवीसांचं शेवटचं रक्त. ते थेट हृदयातून घेतात, पूर्ण भूल देऊन, आणि त्यानंतर तो जीव जागा होत नाही. मी ते नेहमी एकटी करायचे. त्या दिवशी प्रज्ञा म्हणाली, “मी धरते.” भूल चढेपर्यंत प्रत्येकाला तिनं तळहातावर ठेवलं. मिशा थांबायच्या, मग मी सुई घ्यायचे. सगळं झाल्यावर तिनं विचारलं, “मावशी, हे चोवीस माझ्यामुळे गेले का?”

“माझ्यामुळे,” मी म्हटलं. “तू त्यात नव्हतीस.” ते आजही माझ्या हिशेबी आहेत, आणि तिथून ते कुठे जाणार नाहीत.

दुसऱ्या खेपेला सगळं शुक्रवारीच केलं. आणखी दोन हात लागणार होते, म्हणून मी प्रज्ञाला शिकवलं. पहिला आठवडा तिनं नुसतं धरलं. मग शेपटी, मग सुई. तिचा हात माझ्यापेक्षा हलका निघाला. शुक्रवारी सकाळी लूम बंद, खिडकीतून धुकं येतंय, आणि आम्ही दोघी समोरासमोर बसून एकेक शेपटी कोमट पाण्यात धरतोय. इतकी शांतता की मला कधी कधी वाटायचं, आम्हीच कुणाच्या तरी झोपेत आहोत. माझ्या नोकरीतले सगळ्यात चांगले दिवस ते.

निकाल आला. केळफुलानं साखर उतरली होती. थोडीच, पण उतरली होती, आणि ह्यावेळी वार त्यात नव्हते. प्रज्ञानं प्रबंधात पहिली खेप लपवली नाही. लूमचं, गुरुवारचं, शुक्रवारचं, सगळं लिहिलं. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्याच पानावर तासभर प्रश्न विचारले, आणि तिला पास केलं. मोठ्या ठिकाणचा पेपर झाला नाही.

त्यानंतरच्या एका रविवारी मी परत देडतलाईला गेले. प्रज्ञाच्या आईची जखम भरली होती. पायात चप्पल घालून ती अंगणात फिरत होती. तिनं विचारलं, “मंग आता सांगा, उतरते का नाही केळफुलानं?”

प्रज्ञा म्हणाली, “थोडी उतरते, आई. गोळीसोबत खा. गोळीऐवजी नको.”

आईनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि निघाली. आम्ही मागोमाग. कुठं चालली ते कळेना. शेजारच्या घराच्या दारात उभी राहून तिनं हाक मारली, “इंदू, गोळ्या घेतं ना गं? मी मागं सांगितलं ते अर्धंच खरं होतं. गोळी सोडू नको.” तिथून पुढचं दार, मग त्याच्या पुढचं. अर्ध्या गल्लीत तिनं केळफुलाचं सांगून ठेवलं होतं, आणि प्रत्येक दारात ती तेच वाक्य म्हणत गेली. कुणी हसलं, कुणी चहाला बसा म्हणालं. शेवटच्या घरातली म्हातारी मात्र उंबऱ्यावर येऊन चिडून म्हणाली, “मंग आधी काहून सांगितलं तसं?”

प्रज्ञाची आई जराही वरमली नाही. म्हणाली, “तवा मले तेवढंच ठाऊक होतं, माय. आता जास्ती ठाऊक झालं, तर सांगाले आली.”